पाण्याखालचा धूर

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील एक रविवार. टावर चौकातील माझा दवाखाना त्या दिवशी बंद असतो. परंतु परिचयातील एक कुटुंब नर्मदाकाठच्या एका तीर्थक्षेत्राहून परतताना थेट दाराशी आले. सात वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण, दोघांनाही वांत्या, डोकेदुखी आणि ग्लानी. ताप नाही, जुलाब नाहीत. पल्स ऑक्सिमीटरने ९८ हा आकडा दाखविला आणि मी निश्चिंत झालो. यात्रेतील खाणेपिणे गृहीत धरून कागदावर 'अन्नविषबाधा' असे लिहिलेही. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जेवलो तर आम्ही सगळे एकाच पंगतीत. डोके माझेही दुखते आहे. पण बोटीत पुढे बसलेल्या ह्यांना मात्र काहीच झाले नाही."

या एका वाक्याने निदान बदलले. मुले आजीजवळ बोटीच्या मागच्या टोकाला, पेट्रोलच्या मोटरीलगत बसली होती. पाऊस असल्याने ताडपत्री खाली ओढलेली होती, आणि घाटाला लागण्यासाठी बोट बराच वेळ मोटर चालू ठेवून थांबली होती. मी लिहिलेला कागद खोडला व मुलांना प्राणवायू लावला. रात्रीपर्यंत दोघेही हसू-बोलू लागली. रक्तातील कार्बोक्सीहिमोग्लोबिन मोजण्याची सोय हाताशी नव्हती, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचे निदान मी शंभर टक्के सिद्ध करू शकत नाही. परंतु मागे बसलेले तिघे आजारी आणि पुढे बसलेले ठणठणीत, हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने हे महाविद्यालयात शिकलेले आहे. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पटींनी असते. साधा पल्स ऑक्सिमीटर या दोहोंत भेद करू शकत नाही; म्हणून आकडा ९८ असला तरी पेशी उपाशी असू शकतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर मात्र साधारण एक ते दीड तास. मूल आपल्यापेक्षा जलद श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने विष अधिक आत जाते. शिकलेले सारे आठवत होते; प्रश्न विचारण्याचे तेवढे राहून गेले होते.

त्यानंतर या मोटरींविषयी मी थोडे वाचन केले. आपल्या पिढीने दोन-स्ट्रोक स्कूटर चालविली आहे. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे आणि मागे निळसर धूर सोडीत निघायचे! बोटीच्या मागे टांगलेली जुनी मोटर त्याच जातीची. अशा इंजिनात ताजे इंधन आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर ढकलला जातो, आणि त्यासोबत सुमारे एक चतुर्थांश इंधन न जळताच निसटते. दहा लिटर पेट्रोल भरले तर अडीच लिटर वाया! स्कूटरचे हे वाया गेलेले इंधन हवेत जात असे. बोटीचे मात्र पाण्यात जाते, कारण या मोटरीचा धूर बहुधा पंख्याच्या मध्यभागातून पाण्याखाली सोडलेला असतो. बेंझीन, टोल्युइन यांसारखे घटक पाण्यात उतरतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. तो बुडबुड्यांतून वर येऊन बोटीच्या मागे साचतो, आणि चालत्या बोटीमागील हवेच्या ओढीने ताडपत्रीखाली परत शिरतो. अमेरिकेतील लेक पॉवेल जलाशयावर ऑगस्ट २००० मध्ये दोन लहानग्या भावांचा असाच अंत झाला. तेथे हाऊसबोटीच्या जनित्राचा धूर तिच्या मागील बाजूस साचला होता.

रस्त्यावरील वाहनाच्या सायलेन्सरमध्ये पीयूसीवाला नळी घालतो आणि कागद देतो. पाण्याखालच्या तोंडात तो नळी घालणार कशी? म्हणून जगभर या मोटरींची तपासणी मुख्यतः कारखान्यातच, चाचणीच्या बाकावर होते. युरोपातील बोडनसे सरोवरावर १९९३ पासून बोटींच्या धुरावर मर्यादा आल्या. अमेरिकेने १९९६ मध्ये नियम करून १९९८ ते २००६ या काळात नव्या मोटरींतील हायड्रोकार्बन टप्प्याटप्प्याने पाऊणपट कमी करण्याचे बंधन घातले. लेक टाहो सरोवरावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोक मोटरींना बंदी झाली. कॅलिफोर्नियात २००१ पासून मोटरीवर ताऱ्यांची चिठ्ठी येऊ लागली. जितके तारे अधिक, तितका धूर कमी. परिणामी उत्पादक चार-स्ट्रोक इंजिनांकडे आणि थेट इंधन-फवारणीकडे वळले.

तथापि कारखान्यातील शिक्का म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे. ऑइल प्रमाणाबाहेर मिसळणे, काजळी धरलेला प्लग, बिघडलेला कार्ब्युरेटर, चुकीच्या मापाचा पंखा, क्षमतेहून अधिक माणसे. यांपैकी काहीही झाले तरी चांगली मोटरही विष ओकू लागते.

आपल्याकडे रस्त्यावरील वाहनांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. जलमार्गांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला, व त्यात प्रदूषण-प्रतिबंधाची तरतूद आहे. वाराणसीत अनेक नावा सीएनजीवर आणल्या गेल्या. आपल्याच प्रांतात, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये भोपाळचा मोठा तलाव व नर्मदा यांवरील क्रूझ आणि मोटरबोटी थांबविण्याचा आदेश दिला. मोठ्या तलावाचे पाणी भोपाळवासी पितात, हे लक्षात घेता त्यात वावगे काही नाही.

परंतु सर्वच मोटरबोटी बंद करता येत नाहीत. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. पर्वस्नानाच्या वेळी बचावपथकांच्या बोटी घाटांजवळ तैनात असतात, आणि त्या असायलाच हव्यात. क्षिप्रेचा प्रवाह मंद, घाटावर लाखो भाविक, आईच्या कडेवरची मुले, ओंजळीत आचमनाचे पाणी. आणि जवळच उभ्या बोटीची चालू मोटर! जीव वाचवायला आलेल्या यंत्रानेच कोणाचा श्वास कोंडू नये, एवढीच अपेक्षा.

म्हणून आपल्या संस्थेने प्रशासनाला एक निवेदन द्यावे, असे मी सुचवितो. नव्या मोटरी चार-स्ट्रोक अथवा विद्युत असाव्यात. प्रत्येक मोटरीच्या देखभालीची नोंदवही असावी. घाटाला लागलेल्या बोटीची मोटर बंद असावी. आणि मुलांना मोटरीजवळ बसवू नये. हे फारसे खर्चाचे नाही.

आणि एक निवेदन आपणा सर्व वैद्यकबंधु-भगिनींना. टावर चौकात आता ई-रिक्षा मुबलक दिसतात, धूर डोळ्यांना पूर्वीइतका झोंबत नाही, आणि म्हणूनच तो विसरणे सोपे झाले आहे. यात्रेहून परतलेले मूल वांत्या व डोकेदुखी घेऊन आले, ताप नसला, आणि सोबतच्या आणखी कोणाला तोच त्रास असला, तर ऑक्सिमीटरवर विसंबण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, "बाळ, बोटीत तू कुठे बसला होतास?" तो प्रश्न मला एका आजींनी शिकविला. त्यांचे ऋण या लेखाने अंशतः तरी फिटावे.