उन्हाळ्याच्या शहरातला कमी विजेचा संगणक

नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या पुढे असते आणि मे २०१३ मध्ये तर पारा ४८ अंशांच्या जवळ जाऊन पोहोचला होता. दुसरीकडे ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या आपले टॅबलेट संगणक शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावेत, अशी सूचना ग्राहकांना देतात. या दोन आकड्यांमधली तफावत लक्षात घेतली, म्हणजे कळफलक वेगळा करता येणारा आणि मोबाइलच्या धर्तीच्या, कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरवर चालणारा संगणक विदर्भातल्या वाचकाला वेगळ्या नजरेने का पाहावा लागतो, हे स्पष्ट होते. थंड प्रदेशात अशा प्रोसेसरचा मोठा गुण म्हणजे दिवसभर पुरणारी बॅटरी. नागपुरात मात्र त्याचा पहिला गुण हा, की तो कमी तापतो.

या संगणकाची रचना नेहमीच्या लॅपटॉपच्या उलट असते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, स्मृती आणि बॅटरी हे सगळे जड भाग कळफलकाखाली असतात आणि पडदा हलका असतो, त्यामुळे तो मागे झुकवला तरी यंत्र स्थिर राहते. वेगळ्या होणाऱ्या संगणकात हे सर्व भाग पडद्याच्या पाठीमागे बसवलेले असतात आणि कळफलक हा केवळ एक पातळ पट्टा असतो, जो लोहचुंबकाने पडद्याच्या खालच्या कडेला चिकटतो आणि तिथल्या बारीक धातूच्या टोकांतून वीज व संदेश यांची देवाणघेवाण करतो. वजन असे वरच्या बाजूला गेल्यामुळे पडद्याच्या पाठीला घोडीसारखा एक टेकू द्यावा लागतो किंवा कळफलकाचा तळ मुद्दाम जड करावा लागतो. टेबलावर ही व्यवस्था उत्तम चालते. मांडीवर ठेवून लिहिताना मात्र टेकूला आधार मिळत नाही आणि पडदा डगमगतो. म्हणून ज्याचे बहुतेक काम रेल्वेच्या डब्यात किंवा न्यायालयाच्या बाकावर बसून चालते, त्याने खरेदीपूर्वी हे यंत्र मांडीवर ठेवून पाहणे आवश्यक आहे.

अशा बहुतेक संगणकांत ज्या घराण्याचा प्रोसेसर असतो, त्या ‘आर्म’ घराण्याचा उगम इंग्लंडमधील केंब्रिज शहरात झाला. तिथल्या एकॉर्न कॉम्प्युटर्स या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आली. त्या काळी चिपसाठी चिनी मातीचे महाग वेष्टन वापरण्याऐवजी स्वस्त प्लास्टिकचे वेष्टन वापरता यावे, यासाठी तिला एक वॅटपेक्षा कमी वीज लागावी, असे त्यांचे लक्ष्य होते. पहिल्या चाचणीत चिप व्यवस्थित काम करत असतानाही वीज मोजणारा काटा शून्यावरच राहिला, तेव्हा शोध घेतल्यावर असे आढळले, की तिला मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता आणि संदेशांच्या तारांतून झिरपणाऱ्या प्रवाहावरच ती चालली होती. पैसा वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर पुढे मोबाइल फोनच्या युगात या घराण्याची सर्वांत मोठी शक्ती ठरली. १९९० मध्ये ॲपलच्या सहभागाने आर्म ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ती मुख्यतः स्वतः चिप न विकता आराखडे परवान्याने देते आणि क्वालकॉम, मीडियाटेक, ॲपल यांसारख्या कंपन्या त्या आराखड्यांवर किंवा आर्मच्या आज्ञासंचावर आपापल्या चिपा घडवतात.

आज्ञासंच म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या मूलभूत आज्ञांची यादी. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरांचा ‘एक्स ८६’ हा आज्ञासंच १९७८ पासून वाढत आलेला असून त्यातील आज्ञा एका बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत कोणत्याही लांबीची असू शकते, त्यामुळे एक आज्ञा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे ठरवण्यासाठीही प्रोसेसरला श्रम पडतात. आर्मच्या ६४ बिटच्या आज्ञासंचात प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटची असते. तथापि, विजेची खरी बचत केवळ या साधेपणामुळे होते, असे मानणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यामागे आणखी तीन गोष्टी असतात. पहिली, गणन करणारा भाग, चित्रे रेखाटणारा भाग आणि संपर्क सांभाळणारे भाग शक्य तितके एकाच चिपवर आणल्याने संदेशांचा प्रवास कमी होतो. दुसरी, अशा अनेक चिपांत काही गणनकेंद्रे मोठी व वेगवान आणि काही लहान व काटकसरी असतात, आणि पत्र वाचण्यासारखे हलके काम लहान केंद्रांकडे सोपवले जाते. तिसरी, विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज वीस टक्क्यांनी उतरवता आले, तर काम करताना लागणारी वीज सुमारे ३६ टक्क्यांनी घटते. म्हणून मोबाइलच्या चिपा शक्य तितक्या कमी व्होल्टेजवर चालतील अशाच आखल्या जातात. हीच तंत्रे वापरून इंटेलनेही सप्टेंबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० व्ही ही काटकसरी मालिका आणली, त्यामुळे आता केवळ घराण्याचे नाव पाहून निवाडा करण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

चिपमध्ये खर्च झालेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि नागपूरच्या दृष्टीने कळीचा मुद्दा इथेच येतो. पंखा नसलेल्या टॅबलेटची उष्णता त्याच्या पाठीवरून हवेत जाते आणि ती किती वेगाने जाईल, हे पाठीच्या आणि हवेच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. समजा, हाताला चटका बसू नये म्हणून यंत्राची पाठ ४५ अंशांपलीकडे तापू द्यायची नाही, असे ठरवले, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक २० अंशांचा असतो, पण मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तो केवळ ७ अंश उरतो. याचा अर्थ असा, की तेच यंत्र त्या खोलीत जवळजवळ एक-तृतीयांश उष्णताच बाहेर टाकू शकते, आणि उरलेली साचू नये म्हणून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. त्यामुळे दुकानातल्या थंड हवेत चपळ वाटलेला संगणक घरी मंद वाटू लागतो. यंत्रात बिघाड झालेला नसतो. मुळातच कमी वीज खाणाऱ्या चिपला ही मर्यादा उशिरा गाठते आणि तिचा वेग कमी प्रमाणात घटतो.

लॅपटॉपचा पंखा या अडचणीवर काही अंशी उपाय करतो खरा, पण नागपूरच्या उन्हाळ्यातली कोरडी धूळ तो आत ओढतो आणि ती उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या बारीक पात्यांत अडकून हवेची वाट बंद करते. बिनपंख्याच्या यंत्राला हा त्रास नसतो. कमी विजेच्या प्रोसेसरचा प्रत्येक संगणक बिनपंख्याचाच असतो असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ मधील १३ इंची सरफेस प्रोमध्ये स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असूनही पंखा आहे, तर २०२५ मध्ये आलेल्या १२ इंची सरफेस प्रोमध्ये तो नाही.

प्रोसेसरपेक्षाही उन्हाचा मोठा बळी ठरते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्यातील रासायनिक झीज तापमानाबरोबर वाढते आणि बॅटरी पूर्ण भरलेली व तापलेली अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या, तर ती सर्वांत वेगाने होते. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत टॅब ठेवून जाणे किंवा भर दुपारी चार्जर लावून त्यावर जड काम करणे टाळले पाहिजे, आणि ज्या यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, त्यांत ती सुरू ठेवणे शहाणपणाचे ठरते. काटकसरी प्रोसेसरचा हिशेबही इथे उपयोगी पडतो: ४० वॅट-तास क्षमतेची बॅटरी सरासरी ४ वॅट खाणाऱ्या यंत्राला दहा तास, तर १० वॅट खाणाऱ्या यंत्राला चारच तास पुरते. ज्या गावांत वीज खंडित होणे नित्याचे आहे, तिथे हा फरक एका विद्यार्थ्याच्या अख्ख्या संध्याकाळच्या अभ्यासाएवढा असतो, आणि यूएसबी-सी जोडणीचे असे अनेक टॅब साध्या पॉवर बँकेवरही चार्ज होतात.

मात्र कमी विजेचा प्रोसेसर घेतला म्हणजे सगळे जमले, असे होत नाही, कारण एका आज्ञासंचासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यावर आपोआप चालत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी हा आर्म प्रोसेसरचा, वेगळ्या होणाऱ्या कळफलकाचा टॅबलेट बाजारात आणला, पण त्यावर विंडोजचे जुने प्रोग्रॅम चालत नव्हते. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. त्यानंतर कंपनीने जुन्या प्रोग्रॅमच्या आज्ञांचे चालता चालता भाषांतर करणारा दुभाषी थर विंडोजमध्ये घातला. २०१७ मध्ये क्वालकॉमच्या साथीने तो ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठी आला, २०२१ मध्ये विंडोज ११ मधून ६४ बिटच्या प्रोग्रॅमसाठी मिळाला आणि २०२४ मध्ये ‘प्रिझम’ या नावाने तो बराच वेगवान झाला. आज बहुसंख्य रोजचे प्रोग्रॅम या थरावर किंवा थेट चालतात.

या थराला एक गोष्ट साधत नाही. छापयंत्र, स्कॅनर किंवा यूएसबी टोकन यांसारखी उपकरणे चालवण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करणारा जो प्रोग्रॅम लागतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याचे असे भाषांतर होत नाही. तो आर्मसाठी स्वतंत्रपणेच लिहिलेला असावा लागतो. करसल्लागार आणि कंत्राटदार डिजिटल स्वाक्षरीसाठी जे टोकन वापरतात, त्याचा आर्मवरचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे विचारल्याशिवाय त्यांनी असे यंत्र घेऊ नये. मराठी मजकूर जुळवणाऱ्या छपाई-व्यवसायातील मंडळींनाही हाच प्रश्न भेडसावतो, कारण जुन्या धाटणीच्या मराठी अक्षर-सॉफ्टवेअरबरोबर अनेकदा कुलूपवजा यूएसबी उपकरण येत असे. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांची मात्र अडचण होत नाही, कारण विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट धाटणीचा मराठी कळफलक अंगभूतच असतो.

कमी विजेच्या टॅबलेटचा महाराष्ट्राशी संबंध नवा नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट जाहीर केला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर आणि अवघी २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि तो मंद असल्याची टीका सर्वत्र झाली. त्यानंतर मुंबईच्या आयआयटीकडे या प्रकल्पाची धुरा आली आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दुप्पट स्मृती असलेला आकाश-२ पुढे आला. सरकारने तो २,२६३ रुपयांना घेऊन विद्यार्थ्यांना निम्म्या किमतीत देण्याचे ठरवले होते. हा प्रकल्प दीर्घकाळ टिकला नाही, तरी विद्यार्थ्याच्या हाती संगणक देणे हे शासनाचे काम आहे, हा विचार त्याने रुजवला.

आज तोच विचार नागपुरातून राबवला जात आहे. दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात कार्यालय असलेली महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच ‘महाज्योती’, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षांचे ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि त्यासाठी मोफत टॅब व रोज ६ जीबी इंटरनेट पुरवते. शिकवणीच्या शहरात राहण्याचा खर्च न परवडणाऱ्या गडचिरोली किंवा मेळघाटातल्या मुलाला यामुळे घरी बसून व्याख्यान ऐकता येते, हे या योजनेचे मोठेच श्रेय आहे.

परंतु ऐकणे आणि पाहणे ही शिक्षणाची अर्धी बाजू झाली. काचेवर बोटाने लांब उत्तर, प्रकल्पाचा अहवाल किंवा संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणे अतिशय कष्टाचे असते आणि म्हणून कळफलकाविना टॅब मुख्यतः प्रेक्षकाचे यंत्र राहतो. पडद्याला कळफलक जोडला, की तोच टॅब लेखनाचे साधन बनतो, आणि साधा ब्लूटूथ कळफलक आज हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळतो. शासकीय योजनांतून टॅब वाटताना प्रत्येक टॅबबरोबर असा एक कळफलक द्यावा, त्यावर युनिकोडमध्ये मराठी लिहिण्याचे चार तास शिकवावे आणि निविदेच्या अटींत केवळ स्मृती व पडद्याचा आकार न लिहिता ४० अंशांच्या खोलीत तासभर व्याख्यान चालवण्याची चाचणीही घालावी. विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी यंत्र निवडायचे असेल, तर ते विदर्भाच्या उन्हात तपासूनच निवडले गेले पाहिजे.