पावसाचा खड्डा आणि मलवाहिनी : द्वारकेतील तपासणी काय सांगते

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेली द्वारका ही दिल्ली विकास प्राधिकरणाने आखलेली उपनगरी आहे. पप्पनकलां हे तिचे जुने नाव. ते आज मुख्यतः तेथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नावात टिकून आहे. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि शेकडो सहकारी गृहनिर्माण सोसायट्या असे या वस्तीचे स्वरूप आहे. सोसायट्यांच्या आवारात, वाहनतळाच्या कडेला किंवा बागेच्या कोपऱ्यात, लोखंडी जाळीने झाकलेले पाऊसपाणी संकलनाचे खड्डे आढळतात. दिल्लीत १०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना ही व्यवस्था २००१ पासून बंधनकारक करण्यात आली. छपरावरचे व अंगणातले पाणी भूगर्भात परत जावे, हा त्यामागील हेतू होता.

२०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर आलेल्या प्रकरणात या खड्ड्यांचे निराळेच चित्र पुढे आले. द्वारकेतील २३५ सोसायट्यांमधून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी १८० ठिकाणी अमोनियाकल नायट्रोजन आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढलेले आढळले. पुढे झालेल्या फेरतपासणीत १७६ पैकी ११५ सोसायट्यांच्या पाऊसपाणी व्यवस्थेत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू मिळाले. पावसाच्या पाण्यात हे जिवाणू आकाशातून येत नाहीत. धुळीतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून काही येऊ शकतात, हे खरे. पण अमोनिया, क्षार आणि कोलिफॉर्म ही तिन्ही एकत्र दिसली की पहिला संशय शेजारून जाणाऱ्या मलवाहिनीवरच घ्यावा लागतो.

परवाना कोठे मोजतो

सांडपाणी सोडण्यासाठी प्रदूषण नियंत्रण यंत्रणेची संमती घेणे जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २५ नुसार आवश्यक आहे. दिल्लीत हे काम दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती पाहते, महाराष्ट्रात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. (महाराष्ट्राने या केंद्रीय कायद्याच्या आधीच, १९६९ मध्ये, जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आठवली जात नाही.) संमतीपत्रात किती पाणी सोडायचे, कोठे सोडायचे आणि ते किती स्वच्छ असावे, हे लिहिलेले असते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या मानकांनुसार महानगरांतील प्रक्रिया केंद्रांसाठी जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत आणि इतरत्र ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. दिल्लीत ही मर्यादा १० इतकी कडक आहे.

हे सारे आकडे प्रक्रिया केंद्राच्या बहिर्गमन मुखाशी मोजले जातात. पप्पनकलां येथे प्रत्येकी २० दशलक्ष गॅलन दैनंदिन क्षमतेची दोन केंद्रे आहेत. एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे १८ कोटी लिटर होते. तेथे पोहोचलेल्या पाण्याचा हिशेब लागतो. जे पाणी वाटेतच, सोसायटीच्या आवारात, सांध्यांतून झिरपले किंवा तुंबलेल्या मॅनहोलमधून उतू जाऊन पावसाच्या गटारात गेले, ते कोणत्याच नोंदवहीत येत नाही. केंद्राचा अहवाल निर्दोष असतो आणि खड्ड्यात अमोनिया असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ही गळती किती मोठी ठरू शकते, याचा साधा हिशेब करता येतो. शंभर घरांच्या सोसायटीत ४५० माणसे राहतात असे धरू. दरमाणशी १३५ लिटर पाणीवापर आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, हे अभियांत्रिकीतील रूढ गृहीतक. त्यानुसार दिवसाला ४८,६०० लिटर मैलापाणी वाहते. त्यातील केवळ २ टक्के जमिनीत मुरले, तर वर्षाला साडेतीन लाख लिटर होतात. उलट हजार चौरस मीटर छपरावर दिल्लीचा सरासरी ७७ सेंटिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के संकलित झाला, तर मिळतात सहा लाख लिटरांच्या आसपास. पाऊस तीन महिन्यांचा, मैलापाणी बारमाही. शिवाय घरगुती मैलापाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन धरला, तर साठ लिटर शुद्ध पाण्यात त्याचे एक लिटर मिसळताच पिण्याच्या पाण्याची ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा गाठली जाते.

झाकण उचलल्यावर

मलवाहिनीच्या तपासणीचा आरंभ नकाशापासून होतो, आणि बहुतेक ठिकाणी पहिला अडथळाही तोच असतो. इमारती उभ्या राहताना काढलेला नकाशा आणि आज जमिनीखाली असलेले नळ यांत अंतर पडलेले असते. म्हणून अनुभवी तपासनीस शेवटच्या मॅनहोलपासून, जेथे सोसायटीची वाहिनी सार्वजनिक वाहिनीस मिळते तेथून, उलट दिशेने चालत येतो. लहान व्यासाच्या वाहिनीवर साधारण ३० मीटरांवर एक मॅनहोल अपेक्षित असते. मधले एखादे सापडत नसेल, तर ते फरशीखाली किंवा कुंड्यांच्या ओळीखाली गाडलेले असण्याची शक्यता अधिक.

झाकण उघडले की तळाशी पाणी वाहते आहे की साचले आहे, हे प्रथम पाहावे. मैला तळाशी बसू नये यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर असावा लागतो. त्यानंतर भिंत पाहावी. पूर्वी कधी वाहिनी तुंबून पाणी चढले असेल, तर कागदाचे तुकडे, केस आणि मेद यांची एक आडवी रेषा भिंतीवर राहते. तीच रेषा झाकणापर्यंत पोहोचली असेल, तर पाणी रस्त्यावर आले होते हे व्यवस्थापक नाकारू शकत नाही. पहाटे दोन ते चार या वेळेत, जेव्हा घराघरांत नळ बंद असतात, तेव्हाही भरपूर आणि तुलनेने स्वच्छ पाणी वाहत असेल, तर बाहेरचे पाणी सांध्यांतून आत शिरते आहे. जेथून भूजल आत येऊ शकते, तेथूनच भूजलपातळी खाली गेल्यावर मैलापाणी बाहेर जाते.

चुकीच्या जोडण्या शोधण्यास रंगाची चाचणी पुरेशी आहे. स्नानगृहात, स्वयंपाकघराच्या मोरीत आणि बाल्कनीतील धुलाईयंत्राच्या निचऱ्यात अविषारी रंग सोडायचा आणि तो कोठे उतरतो ते पाहायचे. बाल्कनीचा निचरा पावसाच्या उभ्या नळास जोडलेला असणे हा शहरी इमारतींचा जुना रोग आहे. तो नळ सरळ पुनर्भरण खड्ड्यात जातो आणि साबणाचे पाणी रोज सकाळी त्याच वाटेने भूगर्भात उतरते.

या तपासणीत एक मर्यादा कधीही ओलांडायची नाही: मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दशलक्ष भागांत शंभर भागांच्या आसपास तो वायू पोहोचला की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास नाही म्हणून धोका नाही असा समज होतो. ९ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीतील मोतीनगर भागात एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत पाच कामगारांचा मृत्यू झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. आरसा, दिवा, दोरीला बांधलेला कॅमेरा आणि वायूमापक यांनी वरूनच बहुतेक सर्व कळते.

कीटकांची साक्ष

रासायनिक नमुना त्या क्षणाचे पाणी दाखवतो. काल सायंकाळी खड्डा धुऊन काढला असेल, तर आजचा नमुना निर्दोष येतो. कीटकांचे तसे नसते. अळीला वाढण्यासाठी दिवस लागतात. त्यामुळे खड्ड्यातील अळ्या मागील आठवड्याची साक्ष देतात.

क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास सेंद्रिय घाणीने भरलेले पाणी पसंत करतो. त्याची मादी पाण्याच्या पृष्ठभागावर शंभर-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून छोट्या तराफ्यासारखा काळपट पुंजका सोडते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. याउलट डेंग्यूचा एडिस इजिप्ती आणि शहरी हिवतापाचा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हे बहुधा स्वच्छ साठ्यांत वाढतात. त्यामुळे पुनर्भरण खड्ड्यात एडिसच्या अळ्या मिळाल्या, तर ती आरोग्याची समस्या असते, पण पाणी बहुधा पावसाचे असते. क्युलेक्सचे तराफे दाट असतील, तर पाण्याविषयी शंका घ्यावी. येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. कुजलेला पालापाचोळाही क्युलेक्सला पुरतो. म्हणून केवळ या डासावरून मैलापाण्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे सायकोडा ही केसाळ पंखांची, विसाव्याला बसली की इवल्याशा पतंगासारखी दिसणारी माशी. स्नानगृहाच्या भिंतीवर ती अनेकांनी पाहिलेली असते. तिची अळी नळाच्या आतील चिकट, जिवाणूंनी भरलेल्या थरात वाढते आणि तो थर टिकण्यासाठी घाण पाणी वारंवार यावे लागते. पावसाळा संपून दोन महिने झाले असताना पुनर्भरण खड्ड्याच्या भिंतीवर सायकोडा थव्याने बसलेली आढळली, तर तेथे नियमित सांडपाणी येत आहे असे मानून रंगाची चाचणी घ्यावी. त्याहून वाईट अवस्था दर्शवते ती एरिस्टॅलिस माशीची अळी. तिला शेपटीसारखी लांब श्वसननलिका असते आणि प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही ती तग धरते. कायरोनोमसच्या लाल अळ्या तळाच्या गाळात मिळतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि तोही प्राणवायूच्या टंचाईशी जुळवून घेण्याचा उपाय आहे.

अळ्या दिसल्या की कर्मचारी जळके तेल ओततात. गटारात ही सवय एकवेळ समजता येईल. पुनर्भरण खड्ड्यात मात्र ते तेल भूजलाच्या वाटेवर ओतले जाते. कीटकनाशकांचेही तेच. येथे उपाय दोनच: सांडपाण्याची वाट बंद करणे आणि खड्ड्याच्या तोंडाला बारीक जाळी बसविणे.

कारवाईसाठी नमुना घ्यायचा असेल, तर त्याची रीत कायद्याने ठरविलेली आहे. कलम २१ नुसार जागेच्या ताबेदारास सूचना द्यावी लागते, त्याच्या उपस्थितीत नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते मोहोरबंद करून दोघांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात. अळ्यांची नोंद न्यायालयीन पुरावा म्हणून नव्हे, तर कोणता खड्डा आधी तपासावा हे ठरविण्यासाठी उपयोगी पडते.

शिवारातील विहीर व कूपनलिका

द्वारकेची ही कथा महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांना परकी वाटू नये. विहीर व कूपनलिका पुनर्भरणाचा प्रसार आपल्याकडे गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि तो आवश्यकच होता. त्याच वेळी गावोगावी शौचालये व शोषखड्डेही झाले. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली. गाव डासमुक्त झाल्याने हा प्रयोग राज्यभर नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला गेला. त्या शोषखड्ड्यात न्हाणीघराचे व स्वयंपाकघराचे पाणी जाते, शौचालयाचे नाही. मातीच्या वरच्या थरात ते गाळले जाते. कूपनलिकेच्या पुनर्भरणात मात्र पाणी माती टाळून थेट खडकातील भेगांत उतरते. एकाच अंगणात ही दोन्ही कामे झाली आणि पावसाळ्यात शोषखड्डा उतू जाऊन पुनर्भरणाच्या चरात मिसळला, तर द्वारकेतील चूक लहान प्रमाणात तेथेही घडते. भेगाळ बेसॉल्टमध्ये दूषित पाणी किती दूर जाईल, हे वरून सांगता येत नाही. सेप्टिक टाकीचे पाणी मुरविण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावी, असे भारतीय मानक सांगते. भेगाळ खडकात त्याहूनही अधिक अंतर राखणे शहाणपणाचे.

कृषी विज्ञान केंद्रांत आणि अनेक प्रगतिशील शेतकऱ्यांकडे विद्युत वाहकता मोजणारे साधे यंत्र असते. छपरावरून आलेल्या पावसाच्या पाण्याची वाहकता सहसा ०.२ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या आतच राहते. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पुनर्भरण खड्ड्यातील पाण्याने १ चा आकडा ओलांडला, तर त्यात पावसाखेरीज आणखी काही आहे. मे महिन्यात, खड्डे कोरडे असताना, त्यांच्या भिंती पाहाव्यात; घरातील प्रत्येक निचऱ्यात एक बादली रंगीत पाणी सोडून अर्धा तास खड्ड्याशी थांबावे. भर उन्हाळ्यात कोरडा असावयास हवा तो खड्डा ओला असेल, तर चाचणीस आरंभ करण्यापूर्वीच अर्धे उत्तर मिळालेले असते.