पडद्यावरील कळफलक

बेळगावच्या घरातून पुण्याच्या आप्तांस संगणकावर पत्र लिहावयाचे ठरले, की पहिली अडचण गावाच्या नावापाशीच उभी राहते. कळांवर छापलेली असतात ती रोमन अक्षरे. त्यांत ‘ळ’ कोठेच दिसत नाही. मग कोणी सारे पत्रच रोमन अक्षरांत उरकतो, तर कोणी ‘बेलगाव’ लिहून वेळ निभावून नेतो. वस्तुतः ‘ळ’ त्या यंत्रात आधीपासून बसलेला असतो. तो कोणत्या कळेखाली दडला आहे, एवढेच लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. ते दाखविण्याचे काम पडद्यावरील कळफलक करतो.

हे कळफलकाचे चित्र असते खरे, पण जिवंत चित्र. त्यातील अक्षरावर माऊसने अथवा बोटाने टिचकी मारली, की ते अक्षर लेखनात उमटते. भाषांच्या यादीतून मराठी निवडली की चित्रावर देवनागरी अक्षरे येतात. कन्नड निवडली की कन्नड. आणि उर्दू निवडली तर ओळ उजवीकडून डावीकडे धावू लागते. जुन्या टंकलेखन यंत्राला हे साधणारे नव्हते. तेथे प्रत्येक कळेला धातूचा ठसा कायमचा जखडलेला असे, म्हणून मराठीचे यंत्र निराळे आणि इंग्रजीचे निराळे. संगणकातील अक्षर म्हणजे मुळात एक क्रमांक. १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती निघाली, त्या युनिकोड संकेतात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड ‘क’चा ३२२१. कळ तीच राहते. निवडलेल्या भाषेप्रमाणे क्रमांक तेवढा बदलतो.

पण कोणते अक्षर कोठे बसवावयाचे? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी प्रमाण ठरविली. तिच्या मुळाशी वर्णमालेचे शास्त्र आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर; ‘ग’ आणि ‘घ’, ‘त’ आणि ‘थ’ यांचेही तसेच. महाप्राण हवा असल्यास शिफ्टची कळ दाबावी. स्वरांच्या कळेवर नुसता दाब दिला तर मात्रा उमटते, शिफ्टसह दिला तर पूर्ण स्वर. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम एकाच कुळातला असल्यामुळे मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू यांच्या ‘क’साठी बोट एकाच जागी जाते. बडोद्याच्या शाळेत गुजराती लिहिणाऱ्या मुलास घरी मराठी लिहिताना बोटांची सवय मोडावी लागत नाही, ही सोय लहान नव्हे. उर्दू मात्र या कुळाबाहेरची. हैदराबादच्या मराठी माणसास तेलुगूची जागा आपोआप सापडेल, उर्दूची वेगळी शिकावी लागेल.

जुन्या टंकलेखकांना येथे एक ठेच हमखास लागते. त्यांच्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे, कारण ती कागदावर डावीकडे दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. ‘कि’ लिहिताना पहिल्या आठवड्यात हात चुकतो, पुढे चुकत नाही.

रोमन अक्षरांवरून मराठी बनवून देणाऱ्या युक्त्याही आहेत आणि घाईच्या वेळी त्या उपयोगीही पडतात. परंतु ‘मला’, ‘माला’ आणि ‘मळा’ ही तिन्ही रोमनमध्ये सारख्याच अक्षरांनी लिहिली जातात. यंत्राने अंदाज करावा आणि माणसाने तो तपासावा, असा तो व्यवहार. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचेही तेच. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलाविले आणि ‘आचाऱ्यांना’ बोलाविले यांत मंगलकार्याच्या घरी केवढा फरक पडेल! इनस्क्रिप्टमध्ये हा भेद एका शिफ्टचा आहे: ‘दर्या’साठी द, र, हलन्त, य आणि काना, ‘दऱ्या’साठी ‘र’ त्याच कळेवर, पण शिफ्टसह.

पडद्यावरील फलकाचा खरा उपयोग येथे दिसतो. त्यावरील शिफ्ट दाबताच साऱ्या कळांचे चेहरे पालटतात आणि खाली लपलेली अक्षरे वर येतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे हे विशेष उपयोगाचे. तेथे लिपी एकच, परंतु हिंदीच्या नित्य व्यवहारात ‘ळ’ लागत नाही, म्हणून होळकरांचे ‘होलकर’ होतात आणि काळे आडनावाच्या मुलाचे शाळेच्या दाखल्यावर ‘काले’. हिंदीची चाल हिंदीत राहो. पण मराठी कागदावरही तेच उमटते, तेव्हा दोष यंत्राचा नसतो. हिंदीच्या इनस्क्रिप्ट फलकावरही ‘ळ’ आहेच, ‘ल’च्याच कळेवर.

माऊसने एकेक अक्षर टिपून लांब पत्र लिहिणे मात्र कंटाळवाणे होते. ज्यांचे हात कळा दाबू शकत नाहीत त्यांना हा फलक मोठा आधार आहे. इतरांनी तो नकाशासारखा समोर ठेवावा आणि बोटे खऱ्या कळांवर चालवावीत. रोमन ‘एन’ जिच्यावर छापला आहे ती कळ शिफ्टसह दाबली की ‘ळ’ येतो. ब, एक मात्रा, ळ, ग, काना, व: सहा ठोक्यांत बेळगाव लिहून होते. भाषा कन्नड निवडून तीच कळ तशीच दाबली, तर कन्नडचा ‘ळ’ उमटतो.