लांब ओळ मोडायची कुणी?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ‘शेल’ खात्यात चित्रे नसत, नुसता मजकूर. अशाच टर्मिनलवर जगभर ‘टिन’ किंवा ‘एसएलआरएन’ या न्यूजरीडरमधून यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या चर्चा वाचल्या जात. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा मराठी मंडळींचा गटही तिथलाच.

त्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे मावत. आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डाचा हा आकडा १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलनेही कायम ठेवला. त्यामुळे लिहिणारा बहात्तराव्या अक्षराच्या आसपासच एंटर दाबे; उत्तर देताना मूळ ओळींआधी ‘>’ चिन्ह येई, त्याला जागा उरे.

पुढे आख्खा परिच्छेद एकाच ओळीत पाठवणारे प्रोग्रॅम आले आणि वाक्ये उजव्या कडेपलीकडे जाऊ लागली. एसएलआरएनमध्ये कॅपिटल ‘डब्ल्यू’ दाबले की लांब ओळी पडद्याच्या रुंदीत बसतात. मूळ मजकूर बदलत नाही. १९९९ मध्ये ‘फॉरमॅट-फ्लोड’ ही पद्धत आली. ओळीच्या शेवटी एक स्पेस असेल तर परिच्छेद पुढे चालू आहे, असे प्रोग्रॅमने समजायचे. ओळ मोडण्याचे काम लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याच्या यंत्राकडे गेले, आणि ते तिथेच असायला हवे. मोबाइलची रुंदी वेगळी, टर्मिनलची वेगळी.

मराठीसाठी मात्र एवढ्याने भागत नाही.

‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एकच अक्षर. युनिकोडमध्ये त्याची सहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे १८ बाइट. नियमानुसार संदेशाच्या एका ओळीत ९९८ पर्यंतच बाइट चालतात. म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३२ चिन्हे. एखादा मध्यम परिच्छेदही ही मर्यादा ओलांडतो. त्यात अनेक टर्मिनल ‘स्त्री’ला चार रकाने, म्हणजे चार अक्षरांची जागा, देतात. रुंदीचा हिशेब चुकला की ओळ भलतीकडेच मोडते, कधी जोडाक्षराच्या मधोमधही.

पडद्यावरच्या लिपीच्या अशा अडचणींवर आपल्याकडे आधीही काम झाले आहे. पुढे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झालेल्या एनसीएसटी या मुंबईच्या संस्थेने भारतात ईमेल रुजवणाऱ्या ‘अर्नेट’मध्ये सुरुवातीपासून भाग घेतला, आणि पुढे लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ प्रकल्पही केला. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम घातला. टर्मिनल आणि न्यूजरीडर बनवणाऱ्यांनी आता रकाने मोजताना तो पाळायला हवा.