मोटारींतील मार्गदर्शक यंत्र बदलण्यापूर्वीं

संगमनेरच्या बाह्यवळण रस्त्यानें जातांना आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डांत बसविलेलें मार्गदर्शक यंत्र आम्हांस कोणा तरी गृहस्थाच्या शेतांत नेऊन उभे करी. यंत्र बिघडलें असें समजून तें काढून टाकण्याचा बेत आम्हीं केला. परंतु चौकशी करितां दोष निराळाच निघाला. तीच माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें यंत्र सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संकेत घेतें, व निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे गाडीची जागा काढितें. जागा अशी आकाशांतून कळते. रस्ता मात्र यंत्रांत भरलेल्या नकाशावरूनच कळतो. आमची हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून हें आम्हांस लवकर उमगलें. फेरफाराचा अंमल न दिलेला सात-बारा जसा मयत खातेदाराचेंच नांव सांगत राहतो, तसा हा नकाशा नवा रस्ता झाल्यावरहि जुनें शेतच दाखवितो.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याकडून कळसूबाईस निघालेली एक गाडी मोबाइलच्या नकाशानें दाखविलेल्या वाटेनें जातां जातां, अकोले तालुक्यांत कोतुळजवळ, रात्रीं पाण्याखालीं गेलेल्या पुलावर शिरली व चालक बुडून मृत्यु पावला. पूल बुडाला आहे हें आसपासच्या लोकांस ठाऊक होतें, नकाशास नव्हतें.

म्हणून आधीं नव्या नकाशाची कार्डें मिळतात काय, हें विचारावें. तारीख चुकत असेल तर कारण दुसरें असूं शकतें. जीपीएसच्या जुन्या संकेतांत आठवड्यांचा आंकडा १०२३ पर्यंतच मोजला जातो. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्रीं, जागतिक वेळेप्रमाणें, तो पुन्हां शून्यावर आला, आणि कांहीं जुनीं यंत्रें सुमारें वीस वर्षें मागची तारीख दाखवूं लागलीं. कारखान्याकडून यावर सुधारणा मिळत नसेल तर यंत्र बदलणें भाग आहे.

बदलतांना प्रथम खांचेचें माप घ्यावें. ज्यास कारागीर डबल डिन म्हणतात ती खांच सुमारें १८० मिलिमीटर रुंद व १०० मिलिमीटर उंच असते. कांहीं गाड्यांत मागचा कॅमेरा व थंड हवेची व्यवस्थाहि त्याच पडद्यावरून चालते; अशा ठिकाणीं बाजारी यंत्र घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि एअरबॅग असल्यास गाडीच्या पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबूनच पुढें हात घालावा. मूळ तारा कापून पिळ देण्याची कांहीं कारागिरांस संवय असते. ती मुळींच चालूं देऊं नये, योग्य कपलर मागवावा. अँटेना धातूच्या पत्र्याखालीं ठेवूं नये, व डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वींच गाडी उघड्यावर नेऊन यंत्र जागा दाखवितें काय, हें पाहावें.

आमच्या यंत्रास नवा नकाशा मिळेना, म्हणून शेवटीं तें बदलावें लागलें. नवें यंत्र बाह्यवळण बरोबर दाखवितें. वस्तीपर्यंतची पाणंद मात्र त्यास अद्याप ठाऊक नाहीं. पाहुणे यावयाचे असले म्हणजे आम्ही अजूनहि फाट्यावर जाऊन उभे राहतों.