निचरा नको असलेलं झाड

ओट्यापासून गॅलरीपर्यंत : भाग ९

गेले आठ आठवडे मी एकच पालुपद लावून धरलं आहे : निचरा. मेथीला निचरा, मिरचीला निचरा, कढीपत्त्याला तर पाहिजेच पाहिजे. कुंडीच्या तळाला भोकं आहेत ना, भोकांवर खापराचा तुकडा ठेवलात ना, ताटलीत पाणी साचत नाही ना. आज ते सगळं गुंडाळून ठेवायचं, कारण आज अळू लावायचं आहे. अळूला हे शहाणपण शिकवायला गेलं की काय होतं, ते मी माझ्याच गॅलरीत पाहिलं आहे.

चार वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने मी अळू लावलं. नवी कोरी मातीची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, माती, शेणखत आणि कोकोपीट समसमान. पानं आली, तळहाताएवढी झाली आणि तिथेच अडली. मग कडा करपल्या. ऑगस्टात पावसाने आठवडाभर दडी मारली तेव्हा देठांनी माना टाकल्या. गणपतीच्या आधी सासूबाई संगमेश्वराहून आल्या. चहा घेता घेता त्यांनी कुंडीत बोट घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, हे मोरीवरचं झाड. तू ह्याला कोरड्यात उपाशी ठेवलंयस."

मोरीवरचं झाड. सगळी लागवड त्या दोन शब्दांत आली. जुन्या घरांत मोरीचं पाणी जिथून परसात पडायचं, तिथे तीन झाडं ठरलेली : केळ, कर्दळ आणि अळू. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी दिवसातून पाचदहा वेळा त्यांच्या मुळाशी जायचं. मुद्दाम पाणी घालायला कुणी जात नसे आणि खत घालण्याचा तर प्रश्नच नव्हता. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मोरी पाइपात शिरली, तिचं पाणी चार मजले खाली कुठेतरी गेलं आणि अळू आपण दहा-वीस रुपयांची जुडी म्हणून भाजीवाल्याकडून घ्यायला लागलो.

बाकीची झाडं पाणी साचलं की कुजतात, मग अळू का नाही? एक देठ आडवा कापून उजेडाकडे धरा. आत स्पंजासारखी, मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील. ह्या पोकळ्या देठातून थेट मुळांपर्यंत जातात. साचलेल्या पाण्यात मातीतली हवा संपते आणि इतर झाडांची मुळं गुदमरतात. अळूची मुळं मात्र पानांकडून आलेल्या हवेवर तग धरतात. भाताच्या रोपाचीही हीच युक्ती. म्हणून प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर भाताच्या खाचरांसारखी पाण्याने भरलेली अळूची खाचरं असतात. पापुआ न्यू गिनीतल्या कुक इथल्या दलदलीत मिळालेल्या दगडी हत्यारांवर अळूच्या कंदाचे अंश सापडले आहेत आणि ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. भाजीची जुडी सोडताना एवढं जुनं काही हातात असल्यासारखं वाटत नाही, हे खरं.

तर कुंडी नको, बादली घ्या. प्रत्येक घरात कान तुटलेली एक बादली असतेच. नेता येत नाही आणि टाकवत नाही अशी. १५ ते २० लिटरची चालेल. तळाला भोक पाडायचं नाही. तळापासून चार बोटं वर, बाजूला एकच भोक पाडायचं. म्हणजे खालच्या चार बोटांत पाणी धरून राहील आणि जास्तीचं बाहेर पडेल. निम्मी माती, निम्मं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट. आपल्याला पान हवं आहे, म्हणून खताला हात आखडू नका. ओली बादली तीस किलोच्या आसपास जाते. ती गॅलरीच्या जमिनीवरच राहू दे, ग्रिलवर चढवण्याचा मोह नको. ऊन तीन-चार तासांचं पुरे. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम. पश्चिमेच्या उन्हात एप्रिल-मे महिन्यांत पानं भाजून निघतात.

पाण्याची सोय तर तुमच्या सिंकमध्येच आहे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी एका पातेल्यात धरा. चौघांच्या घरात दिवसाला दोन-तीन लिटर सहज निघतं. भांड्यांचं पाणी मात्र नको. आजच्या मोरीत राखेऐवजी लिक्विड असतं, मीठ असतं, तेलाचा तवंग असतो. आणि मातीच्या वर पाण्याचं तळं दिसता कामा नये. चिखल हवा, डबकं नको. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. बाजूचं भोक बुजलेलं नाही ना, एवढं आठवड्यातून एकदा काडी घालून बघा.

पाणी पुरतंय का हे अळू स्वतः सांगतं, आणि मला ह्या झाडाचं सगळ्यात आवडतं ते हेच. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन यायच्या आत, गॅलरीत जा. पानाच्या अगदी टोकाला एक थेंब लोंबत असतो. दव नव्हे, कारण दव पानभर असतं. हा थेंब फक्त टोकाला. रात्री पानातून बाष्प बाहेर पडणं थांबतं, पण ओल्या मातीतून मुळं पाणी वर ढकलत राहतात. ते पाणी टोकाजवळच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. तो थेंब पडतो, पाव मिनिटात दुसरा जमायला लागतो. सुरळीत असलेल्या कोवळ्या पानाच्या टोकाशी तर बघत उभं राहावं. कोरड्या हवेच्या दिवसांत थेंब नसला तर घाबरू नका. पण पावसाळ्यात सलग दोन-तीन सकाळी टोक कोरडं दिसलं, तर बादली तहानलेली आहे असं समजा.

वरून पडलेलं पाणी मात्र पान स्वीकारत नाही. अळवावरचं पाणी आपण भाषेत इतकं वापरून गुळगुळीत केलं आहे की ते खरोखर बघायचं राहून जातं. एक चमचा पाणी पानावर सोडा. त्याचा पाऱ्यासारखा गोळा होतो, धूळ गोळा करत खाली पळतो आणि मागे पान जसंच्या तसं कोरडं. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण. थेंब फक्त त्यांच्या शेंड्यांवर टेकतो, खाली हवाच असते. ह्याचा तोटा आपल्याला होतो तो मावा पडल्यावर. नीमतेलाचं पाणी कितीही फवारा, ते ओघळून जातं. त्यात साबणाचे चार थेंब घातले की ते पानाला धरतं. माझा सल्ला विचाराल तर फवारणी सोडा आणि पान उलटून ओल्या फडक्याने पुसा. पाच-सहा तर पानं असतात.

आता कंद. इथे मी दुसऱ्यांदा फसले होते. पहिलं अळू गेल्यावर एका रोपवाटिकेत गेले, "वडीचं अळू आहे का?" असं विचारलं आणि "अळूच आहे, ताई" असं ऐकून जांभळ्या शिरांचं देखणं रोप घरी आणलं. सासूबाईंनी फोटो बघूनच नाही म्हणून सांगितलं. अळूच्या कुळात शोभेची झाडं पुष्कळ : कॅलेडियम, डायफेनबेकिया, कासाळूचे नाना प्रकार. त्यांतल्या काहींचं पान चुकून तोंडात गेलं तर जीभ आणि घसा सुजतो. ओळखायच्या खुणा आहेत. अळूचा देठ पानाच्या खाचेत न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो. पान खाली झुकलेलं असतं आणि त्यावर चकाकी नसते. पण खुणांवर विसंबू नका, कारण शोभेच्या झाडांतही असे देठ सापडतात. नियम एकच : जिथली पानं कुणीतरी खाल्ली आहेत, तिथलाच कंद. गावच्या घरचा, शेजारच्या काकूंचा, किंवा खात्रीच्या भाजीवालीला सांगून मागवलेला. काळसर जांभळ्या देठाचं जाड पान वडीला, हिरव्या देठाचं मऊ पान भाजीला. बाजारातल्या अळकुड्याही अळूच. कोंब फुटलेली अळकुडी पुरली तर झाड येतं, पण वडीसारखं रुंद, जाड पान तिच्याकडून मागू नये.

अंड्याएवढा कंद, कोंब वर करून, दोन-अडीच इंच खोल. एका बादलीत एकच. मृगाचा पाऊस दारात आहे, म्हणजे हा आठवडा अगदी वेळेचा. दोन-तीन आठवड्यांत पहिली सुरळी वर येईल आणि दोन महिन्यांनी पानं काढता येतील. एका झाडावर एका वेळी चार ते सहा पानं असतात आणि निदान तीन मागे ठेवायलाच हवीत, नाहीतर झाड खंगतं. वडीच्या एका उंड्याला चार-पाच पानं. म्हणजे चौघांना पोटभर वड्या हव्या असतील तर दोन उंडे, नऊ-दहा पानं, म्हणजेच चार बादल्या. एक बादली लावून "वड्या करू" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. एका बादलीत पातळ भाजी होते, तीही मुळा आणि आंबट चुका घालून वाढवलेली. पान कापायला जुना कपडा घालून जा. अळूच्या चिकाचा तपकिरी डाग धुतल्याने जात नाही.

खाजेचं काय, हा प्रश्न आलाच. अळूच्या पानात, देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया जुड्या बांधून बसलेल्या असतात. पान चिरलं, चावलं की जुड्या फुटतात आणि सुया कातडीत, घशात टोचतात. सुयांबरोबर एक प्रथिनही आत शिरतं आणि आग होते ती त्या जोडीमुळे, असं संशोधनात दिसलं आहे. आता चिंच. चिंचेने सुया विरघळतात असं घरोघरी सांगतात. पण कॅल्शियम ऑक्झलेट व्हिनेगरमध्येसुद्धा विरघळत नाही. चिंचेच्या कोळाने ते काय पाघळणार! काम करतो तो विस्तव. प्रथिन उष्णतेने मोडतं. म्हणून फदफदं कुकरला चांगल्या चार शिट्ट्या होऊन घोटलेलं असावं आणि वडीचा उंडा तळण्याआधी वीस मिनिटं तरी वाफवलेला असावा. घाईघाईने अर्धवट वाफवलेली वडी चिंचेत बुडवून ठेवली तरी खवखवणारच. चिंच काढून टाका असं मी म्हणत नाही. आंबट-गुळाशिवायचं फदफदं खाणार कोण? गोव्यात पावसाळी तेऱ्याच्या, म्हणजे तिथल्या अळूच्या, भाजीत आंबाडे पडतात आणि फणसाच्या आठळ्याही. ती चव एकदा घेतली की शास्त्राशी भांडायला माणूस तयार होतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बहुतेक खडे ह्याच ऑक्झलेटचे असतात.

रोगांपैकी एकच खरा शत्रू, करपा. पानावर गोल, पाणी मुरल्यासारखा तपकिरी डाग पडतो, कडेकडेने वलयं वाढत जातात आणि चार-पाच दिवसांत पान लोंबतं. संततधार आणि दमट रात्री ह्या त्याच्या आवडीच्या. हा जंतू आयर्लंडमधल्या बटाट्याच्या प्रसिद्ध करप्याचा चुलतभाऊ. १९९३ साली तो सामोआ बेटांवर पोहोचला आणि तिथलं अळूचं पीक, म्हणजे लोकांचं रोजचं जेवण, उद्ध्वस्त झालं. आपल्याकडे चार बादल्यांत एवढा अनर्थ होत नाही. डाग दिसला की ते पान कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नाही. दोन बादल्यांत हातभर अंतर ठेवा आणि पाणी मातीत घाला, पानांवर नको. कधी एखादी जाडजूड हिरवी अळी सापडेल, शेपटीवर शिंग असलेली. ती हॉकमॉथ पतंगाची. दिसायला भीतीदायक, पण चावत नाही. एका रात्रीत अख्खं पान मात्र संपवते. उचलून खालच्या झाडोऱ्यात सोडा.

एक तक्रार मात्र करावीशी वाटते. भाज्यांच्या गाडीवरचं अळू कुठल्या पाण्यावर वाढलं हे आपल्याला कळत नाही. नाल्याकाठी, रुळांकडेला अळू माजतं ते तिथल्या पाण्यामुळेच, आणि त्या पाण्यात जे असेल ते त्याच्याबरोबर येतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून ऋषीच्या भाजीत अळूला मान आहे. परसात आपोआप वाढलेलं म्हणून. माझ्याकडची दुसऱ्या खेपेची चार झाडं, सासूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या कंदांची, आता तिसऱ्या पावसाला तयार आहेत. दर पावसाळ्यात बाजूने पिल्लं फुटतात, ती मी मजल्यावर वाटते. मागच्या ऋषिपंचमीला आमच्या मजल्यावरच्या तीन घरांत एकाच कंदाच्या वंशातलं अळू शिजलं आणि प्रत्येकीने आपल्या भाजीची वाटी दुसरीकडे पाठवली.

पुढच्या आठवड्यात आलं लावू. त्यासाठी आजच ओट्यावरच्या टोपलीतून डोळे फुगलेलं, सुरकुतलेलं नाही असं आल्याचं एक बोट बाजूला काढून ठेवा, फ्रिजमध्ये नव्हे. आणि बादली नको, कुंडीच घ्या. आल्याला निचरा लागतो.