बीरगावच्या छपरावर टिकेल तोच सौरघट

रायपूरला खेटून असलेल्या बीरगावातून उरला औद्योगिक वसाहतीकडे निघाले, की स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिलची धुराडी सोबतीला येतात. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, छपरांवर काळसर धूळ बसते. आणि जुलै उजाडताच तीच छपरे दमट हवेत भिजत राहतात. सौरऊर्जेच्या क्षेत्रात सध्या ज्या पदार्थाचा सर्वाधिक बोलबाला आहे, त्या पेरोव्हस्काइटची खरी परीक्षा अशा गावात आहे.

प्रयोगशाळेतली त्याची घोडदौड थक्क करणारी आहे, हे मान्यच करावे लागेल. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा पहिला सौरघट जगासमोर ठेवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता अवघी ३.८ टक्के होती. आज ती २६ टक्क्यांपुढे गेली आहे. सिलिकॉनला एवढ्या प्रवासासाठी अनेक दशके लागली. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर बसवलेला जोडघट त्याहून पुढचा. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो आणि लाल व अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनसाठी सोडतो. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास असताना चीनच्या लोंगी कंपनीच्या जोडघटाने ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. दिनेश काबरा यांच्या गटानेही अशा जोडघटात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे. ही भारताची जमेची बाजू.

पण ३० टक्क्यांचा घट पाच वर्षांत निकामी झाला, तर एकविसाव्या टक्क्यावर रेंगाळणारे, तरीही पंचवीस वर्षे चालणारे साधे सिलिकॉन पॅनेल त्याला सहज मागे टाकेल. कर्ज देणारी बँक हाच हिशेब मांडते. पेरोव्हस्काइटचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा. तो दीडशे अंशांच्या आतल्या तापमानात घडतो, म्हणून स्वस्त होण्याची आशा. आणि इतक्या सहज घडणारा स्फटिक तितक्याच सहज विस्कटतो, ही अडचण. ओलाव्याने त्याचे विघटन होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते. उष्णतेने त्यातील सेंद्रिय घटक उडून जातात. प्रकाश आणि विद्युतदाबाखाली आयन जागा सोडून भटकतात. मिथाइलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम वापरणे, स्फटिकाच्या पृष्ठभागावरील दोष झाकणारे रेणूंचे थर देणे, दोन काचांमध्ये घट हवाबंद करणे, अशा उपायांनी आयुष्य बरेच वाढले आहे. ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्हीने २०२४ मध्ये जोडघटांची पॅनेल विकायलाही काढली. मात्र उघड्यावर पंचवीस वर्षे काढलेले पेरोव्हस्काइट पॅनेल जगात कुठेही नाही. तंत्रज्ञानच मुळी तेवढ्या वयाचे नाही.

प्रश्न धोरणाचा आहे तो इथे. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत एक हजार तास ठेवण्याची कसोटी असते. ती सिलिकॉनचे दोष ओळखून बेतलेली आहे आणि अंधारात होते. पेरोव्हस्काइट ढासळते ते ऊन, उष्णता आणि विद्युतदाब एकत्र आल्यावर. शिवाय दिवसभरात गमावलेली क्षमता ते रात्री काही अंशी परत मिळवते, त्यामुळे सलग प्रकाशातली चाचणीही पुरेशी ठरत नाही. केंद्राच्या मंजूर मॉड्यूलच्या यादीत कार्यक्षमतेचा किमान उंबरठा आहे. दहा वर्षांनी छपरावर काय उरले, याला मात्र त्या तोडीचे वजन नाही.

याची किंमत आपण सिलिकॉनच्या बाबतीत पाहिली आहे. आयआयटी मुंबईचे राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था यांनी २०१३ पासून देशभरातील पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशांतील पॅनेल लवकर खालावतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरांवरच्या छोट्या संचांची अवस्था वाईट असते, असे त्यातून दिसले. पंतप्रधान सूर्यघर योजना एक कोटी घरांच्या छपरांवर पोहोचू पाहत असताना हा निष्कर्ष विसरणे परवडणारे नाही.

शिशाचा मुद्दाही आहे. एका चौरस मीटर पॅनेलमध्ये ते साधारण ग्रॅमभर, किंवा त्याहून कमी. पण विघटनानंतर पाण्यात उतरू शकणारे. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेल आली आहेत, तरी फुटलेले पॅनेल प्रत्यक्षात भंगारवाल्याकडेच जाते, आणि बीरगावसारख्या औद्योगिक गावात भंगारवाले कमी नाहीत.

तेव्हा सरकारी पैसा प्रायोगिक कारखान्यांकडे वळवताना त्याचा एक वाटा उघड्यावरच्या चाचणीकेंद्रांसाठी राखून ठेवावा. रायपूरच्या एनआयटीचे छप्पर, कोकणातली एखादी दमट किनारपट्टी, राजस्थानातले वाळवंट आणि लडाखची थंडी अशी चार ठिकाणे सुरुवातीला पुरतील. तिथल्या नोंदी दरमहा सर्वांसाठी खुल्या असाव्यात. आणि अनुदान विकल्या गेलेल्या वॉटवर न ठरवता, पाच वर्षांनंतरही मिळणाऱ्या युनिटवर ठरवावे.